जेवणातली शांतता ओट्यापासून सुरू होते

मागील अंकात आम्ही जपानी घरांतील साध्या जेवणाविषयी एक छोटी नोंद छापली होती. भात, एक सूप आणि दोन-तीन लहान पदार्थ एवढेच जेवण सावकाश आणि लक्षपूर्वक घेतले तर मन निवते, असे त्या नोंदीत म्हटले होते. त्यावर नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे येथे संक्षिप्त करून दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी नोकरी करते. घरात सासू-सासरे, पती आणि दोन मुले आहेत. मध्यंतरी आम्ही कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिरात गेलो होतो. तिथे बसल्यावर जे निवांत वाटले, ते घरी पोचून सहा माणसांच्या स्वयंपाकाला लागताच संपले. आपली नोंद वाचून वाटले की असे जेवण केले तर ती शांतता घरी आणता येईल का? पण व्हिडिओंमधल्या त्या इवल्या इवल्या वाट्या पाहून धडकीही भरते. (एक वाचक, मनीषनगर)

ताई, आपली भीती रास्त आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. व्हिडिओंमध्ये दिसणारे ताट बहुतेक वेळा पाहुण्यांसाठी मांडलेले असते. रोजच्या घरगुती जेवणाची चौकट त्याहून पुष्कळ सुटसुटीत आहे. भात, एक सूप, एक मुख्य पदार्थ आणि दोन लहान पदार्थ, या मांडणीला जपानमध्ये ‘इचिजू सानसाइ’, म्हणजे ‘एक सूप, तीन पदार्थ’, म्हणतात, आणि भात व लोणचे तर त्यात मोजतही नाहीत. घाईच्या दिवशी एक सूप आणि एकच पदार्थ एवढ्यावरही जेवण पूर्ण मानले जाते. युनेस्कोने डिसेंबर २०१३ मध्ये ‘वाशोकू’ या नावाने जपानी आहारपरंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हाही पदार्थांच्या संख्येचे कौतुक झाले नाही. ताज्या जिनसांची मूळ चव राखणे, समतोल आणि ऋतूशी असलेले नाते या गोष्टींना महत्त्व दिले गेले.

या जेवणातून शांतता का मिळते, याचे मला पटलेले कारण अगदी व्यावहारिक आहे. चौकट ठरलेली असली की संध्याकाळी दमून घरी आलेल्या माणसाला ‘आज काय करू’ हा प्रश्न सगळ्या बाजूंनी सोडवावा लागत नाही. बाजारात कोहळे चांगले आले असेल तर कोहळे शिजते, पालक आला असेल तर पालक, आणि बाकीचे रोजच्यासारखेच राहते. फोडणी, वाटण, तळण आणि गरम पोळ्यांची सततची ये-जा या चार गोष्टी एका वेळच्या जेवणातून वजा झाल्या, तर ओट्यावरचा कल्लोळ किती कमी होतो हे आपल्याला मी सांगायला नको.

जपानमध्ये सोतो झेन ही बौद्ध ध्यानपरंपरा रुजवणारे भिक्षू दोगेन १२२३ मध्ये, वयाच्या विशीत, चीनला गेले होते. तिआनतोंग पर्वतावरील मठात त्यांना एक वृद्ध भिक्षू दिसला, जो मठाचा स्वयंपाकी होता. भर दुपारी, डोक्यावर काहीही न घेता, तो तापलेल्या फरशीवर अळंबी वाळत घालत होता. हे काम मदतनिसांकडून का करून घेत नाही, असे दोगेन यांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला की दुसऱ्याने केलेले म्हणजे मी केलेले नव्हे. पण एवढ्या उन्हात कशाला, यावर त्याने उलट विचारले की मग कोणत्या वेळेची वाट पाहू? मे महिन्यात गच्चीवर मुगवड्या घालणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे चित्र परके वाटणार नाही. पुढे १२३७ मध्ये दोगेन यांनी मठातील स्वयंपाक्यासाठी सविस्तर सूचना लिहिल्या आणि तांदूळ निवडणे, धुणे, भांडी जागच्या जागी ठेवणे या कामांना ध्यानाइतकेच मोल दिले.

ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते, पण तिचा एक भाग गाळला जातो, आणि मला तोच फार मोलाचा वाटतो. झेन मठात स्वयंपाक्याचे पद हे सहा प्रमुख पदांपैकी एक असते आणि ते जाणत्या, अनुभवी भिक्षूला सन्मानाने दिले जाते. त्या वृद्धाचे समाधान त्या सन्मानावर आणि त्याने स्वतः पत्करलेल्या जबाबदारीवर उभे होते. घरातील बाईला मात्र काम दिले जाते आणि सन्मान राहून जातो, आणि मग तिलाच ‘मन लावून कर म्हणजे शांत वाटेल’ असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. म्हणून माझा आग्रह असा की हे जेवण सुरू करायचे असेल तर कामाच्या वाटणीपासून सुरू करावे. जपानमधील प्राथमिक शाळांत दुपारचे जेवण मुले स्वतः ॲप्रन बांधून वर्गात वाढतात आणि नंतर आवरतातही, तेव्हा आपल्या मुलांना वाट्या मांडणे आणि भात वाढणे नक्कीच जमेल. तीळ भाजून कुटण्याचे काम सासरे बसल्या जागी करू शकतील, आणि जेवणानंतरचा ओटा पतींनी आवरावा.

आता पहिल्या जेवणाचा बेत सांगते. आठवड्यातून एकच संध्याकाळ ठरवावी, रोजचा संकल्प करू नये. शिजल्यावर चिकट होणारा तांदूळ हवा, त्यासाठी इंद्रायणी चांगला. पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत तो धुवावा, अर्धा तास भिजवावा, दीडपट पाणी घालून झाकणाच्या पातेल्यात मंद आचेवर शिजवावा आणि आच बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण मुळीच उघडू नये. विदर्भात आपण ज्याला कोहळे म्हणतो त्या लाल भोपळ्याच्या सालीसकट फोडी कराव्यात, अर्ध्या बुडतील एवढे पाणी, दोन चमचे सोया सॉस आणि एक चमचा साखर घालून त्या झाकून नरम होईपर्यंत शिजवाव्यात. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर घालून लगेच गार पाण्यात काढावा, पिळावा, आणि त्यावर भाजून कुटलेले तीळ व थोडा सोया सॉस घालावा. काकडीच्या चकत्यांना वजनाच्या दोन टक्के, म्हणजे अर्ध्या किलोला दहा ग्रॅम, मीठ चोळून अर्धा तास ठेवले की ताजे लोणचे तयार होते. सुपात मुळ्याच्या चकत्या आणि टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, घालावा, आच बंद करावी आणि मगच मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, विरघळवावा, कारण उकळल्यावर त्याचा सुगंध उडून जातो. भाताची वाटी डावीकडे, सूप उजवीकडे, बाकीचे मागे, अशी मांडणी असते, आणि भात कालवण्याऐवजी भाताचा घास, सुपाचा घोट, भाजीची फोड असे आळीपाळीने खाल्ले जाते. सासूबाईंना पोळीशिवाय जेवल्यासारखे वाटत नसेल तर त्यांच्यासाठी सकाळचीच एखादी पोळी ठेवावी, त्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे मासे, अंडी आणि मद्य चालत नाही. जपानी सूप शाकाहारी असते का? (एक वाचक, महाल)

नेहमीचे सूप शाकाहारी नसते. त्याचा पाया असलेल्या ‘दाशी’ या रसात बहुधा बोनिटो माशाचे सुकवलेले पापुद्रे असतात. मात्र झेन मठांतील ‘शोजिन र्योरी’ या पाककलेत मासे-मांस वर्ज्य आहे, इतकेच काय, कांदा-लसूणही वर्ज्य आहे, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या घराला ती फारशी परकी वाटणार नाही. तिथे कोम्बू ही समुद्री वनस्पती आणि सुकवलेली शिताके अळंबी यांचा रस वापरतात. १९०८ मध्ये टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतूनच ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले. शिताकेमध्ये ग्वानिलेट नावाचा दुसरा घटक असतो आणि दोन्ही एकत्र आले की चव कितीतरी खुलते, म्हणून या रसात माशाची उणीव भासत नाही.

एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बू आणि तीन-चार अळंबी रात्रभर भिजवाव्यात. नागपूरच्या उन्हाळ्यात हे भांडे फ्रिजमध्येच ठेवावे, ओट्यावर ठेवल्यास सकाळपर्यंत नासण्याची भीती असते. मंद आचेवर तापवून उकळी फुटण्याआधी कोम्बू काढून घ्यावा. मिसोच्या काही तयार डब्यांत माशाचा अर्क आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नये. जपानी स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या मिरिन आणि साके या तांदळाच्या पेयांत मद्यार्क असतो, त्यांच्याऐवजी थोडी साखर आणि पाणी घातले तरी पुरते.

प्रश्न : मला रक्तदाबाचा आणि पत्नीला थायरॉइडचा त्रास आहे. जपानी लोक दीर्घायुषी असतात म्हणून हे जेवण आम्ही रोज घ्यावे का? (निवृत्त शिक्षक, रविनगर)

रोज घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी डोळसपणे सांभाळाव्या लागतील. पहिली गोष्ट मिठाची. नेहमीच्या मिसोत सुमारे १२ टक्के मीठ असते, त्यामुळे एका वाटी सुपातून साधारण सव्वा ते दीड ग्रॅम मीठ पोटात जाते, आणि सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातून अडीच ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे. त्यातच आपले लोणचे-पापड आले तर हिशेब सहज कोलमडतो. जपाननेही याची किंमत मोजली आहे. १९५१ पासून सुमारे तीन दशके मेंदूचा पक्षाघात हे तिथे मृत्यूचे पहिले कारण होते आणि खारट आहाराचा त्यात मोठा वाटा मानला जातो. नागानो प्रांतात गावोगावच्या आरोग्यसेवकांनी घराघरांतील सुपाचा खारटपणा मोजून लोकांना मीठ कमी करायला शिकवले, आणि पुढे तोच प्रांत दीर्घायुष्यासाठी ओळखला जाऊ लागला. तेव्हा दीर्घायुष्याचा दाखला द्यायचा तर कमी केलेल्या मिठाचाही द्यायला हवा. आपण सूप दिवसातून एकदाच घ्यावे, त्यात भाज्या भरपूर आणि पाणी बेताचे ठेवावे, मिसो निम्मा घालावा, आणि त्या दिवशी लोणचे, पापड ताटात घेऊ नये. रस चांगला उतरला असेल तर कमी मीठ जाणवत नाही.

दुसरी गोष्ट कोम्बूची. त्यात आयोडीनचे प्रमाण फार जास्त असते आणि आपल्या घरच्या मिठात आयोडीन आधीच आहे. पत्नीच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोम्बू वापरू नये. नुसत्या शिताकेचा रसही उत्तम होतो.

प्रश्न : मिहानमध्ये नोकरी करतो, एकटा राहतो. मोबाइल पाहिल्याशिवाय घास गिळत नाही आणि काय खाल्ले तेही आठवत नाही. सजगतेची पुस्तके वाचली, पण ताटापाशी सगळे विसरतो. (एक वाचक, खापरी)

आपण इच्छाशक्तीवर फार भार टाकत आहात, आधी हातांची व्यवस्था बदलून पाहावी. जपानी जेवणात भाताची आणि सुपाची वाटी डाव्या हातात उचलून धरण्याची रीत आहे आणि उजव्या हातात जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स) असतात. दोन्ही हात जेवणात गुंतलेले असल्यामुळे फोन धरायला हातच उरत नाही. आपल्या पद्धतीत उजवा हात जेवतो आणि डावा मोकळा राहतो, आणि त्या मोकळ्या हातानेच सध्या सगळा घात केला आहे असे मला प्रामाणिकपणे वाटते. काड्यांचा हट्ट नको, डाव्या हातात वाटी आणि उजव्या हातात चमचा पुरेसा आहे. फक्त वाटी जड बुडाची किंवा लाकडी घ्यावी, कारण स्टीलची वाटी गरम सुपाने हाताला भाजते. झेन मठात घास तोंडात असताना दुसरा घास भरून तयार ठेवत नाहीत, तेवढा एक नियम सुपाच्या वाटीपुरता पाळून पाहावा. संपूर्ण जेवण मौनात घ्यायची गरज नाही. पहिली पाच मिनिटे फोन दुसऱ्या खोलीत राहिला तरी भाताची चव कळू लागते.

प्रश्न : माझे वय ७४. जेवणाआधीचा श्लोक, मोजके वाढणे, पानात न टाकणे हे सगळे आमच्या आई-आजीने आम्हाला शिकवले. मग हे शिकायला जपानला कशाला जायचे? (एक आजी, धरमपेठ)

काकू, आपल्या म्हणण्याचा बराच भाग मला मान्य आहे. झेन मठात जेवणाआधी पाच विचार मनात आणतात आणि त्यांतला पहिला असा असतो की हे अन्न कुठून आले आणि किती जणांच्या कष्टांतून आले. आपल्या घरात अन्नाला पाय लागला तर नमस्कार करायला शिकवतात, त्या संस्कारापासून हा विचार दूर नाही. शिवाय जपानमधील घरेही आता तशी राहिलेली नाहीत. तिथे १९६२ मध्ये माणशी वर्षाला ११८ किलो तांदूळ खाल्ला जाई, आज त्याच्या निम्म्याहूनही कमी खाल्ला जातो, आणि तयार डबे व ब्रेड यांनी ती जागा भरली आहे. स्वयंपाकही तिथे बहुतांशी बायकांच्याच अंगावर पडत आला आहे. तेव्हा तिकडे सगळे आदर्श आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही.

तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे असे मला ठामपणे वाटते, आणि ती म्हणजे आग्रहाचा अभाव. आपल्याकडे प्रेम वाढीतून दाखवले जाते. ‘आणखी अर्धी पोळी’, ‘माझी शपथ आहे’ असे म्हणत आपण समोरच्याला भुकेपलीकडे नेतो, आणि वाढणारी बाई स्वतः शेवटी, गार झालेले जेवते. जपानी घरात प्रत्येकाची वाटी आधीच भरलेली असते आणि सगळे एकत्र सुरुवात करतात, त्यामुळे वाढणारी उभी राहत नाही. कायबारा एक्केन या जपानमधील वैद्यकाच्या अभ्यासकाने १७१३ मध्येच लिहून ठेवले की पोट दहापैकी आठ हिस्से भरले की थांबावे. आपल्या आईने शिकवलेले मोजके वाढणे आणि सर्वांनी एकत्र बसणे, या दोन्ही गोष्टी घरातील सुनेपर्यंत आणि नातसुनेपर्यंत पोचवण्याचे वजन आपल्या शब्दाला आहे. कृपया तो शब्द टाकावा.

प्रश्न : पत्नी जाऊन काही महिने झाले. एकट्यासाठी काय शिजवायचे म्हणून उभ्या उभ्या ब्रेड खातो. भूक नाही, झोप नाही, कशात लक्ष नाही. मुलगी पुण्याला असते. आपली नोंद वाचली आणि पत्र लिहावेसे वाटले. (एक वाचक, प्रतापनगर)

काका, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. आत्ता आपल्यासाठी तीन पदार्थांची मांडणी नको. जपानमध्ये आजारी, थकलेल्या किंवा जेवण न जाणाऱ्या माणसाला ‘ओकायू’ देतात, आणि सोतो झेन मठांत सकाळचे जेवण म्हणजे हीच पेज असते. अर्धी वाटी तांदूळ धुऊन अडीच वाट्या पाण्यात भिजवावा, एक उकळी आली की झाकण थोडे तिरके ठेवून अगदी मंद आचेवर चाळीस मिनिटे शिजू द्यावा. मधून एकदा तळापासून हलवावे, सारखे ढवळू नये. वर भाजलेल्या तिळाची मीठ घातलेली पूड टाकावी. त्या चाळीस मिनिटांत दुसरे काही करू नये, गॅसजवळ खुर्ची घेऊन बसावे, आणि पेजही खुर्चीवर बसूनच खावी. जमेल त्या दिवशी शेजारच्या एखाद्या ओळखीच्याला वाटीभर पेजेसाठी बोलवावे. दोघांसाठी शिजवताना हात आपोआप नीट चालतो.

आणि एक गोष्ट अगदी स्पष्टपणे लिहिते. भूक, झोप आणि लक्ष या तिन्ही गोष्टी काही आठवड्यांपेक्षा अधिक काळ हरवल्या असतील तर केवळ जेवणाने ते भरून येत नाही, आणि त्यात आपला काही दोष नाही. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना या आठवड्यातच भेटावे आणि वजन कमी झाले असेल तर तेही सांगावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. रात्री झोप लागत नाही तेव्हाही हा फोन करता येतो, संकट फार मोठे असायलाच हवे अशी अट नाही. मुलीलाही हे पत्र दाखवावे. आपण उभ्या उभ्या ब्रेड खाता हे तिला कदाचित ठाऊक नसेल.